तिसरं कारण

दीपमाला अकरा वर्षं उस्मानपुऱ्यातल्या एका दाताच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसत होती. नावं लिहायची, वेळ द्यायची, फोन उचलायचे, हे काम तिला नेमताना सांगितलेलं. खरं काम वेगळंच होतं. आत जायला तयार नसलेल्या माणसांना आत धाडायचं. माणूस दारापर्यंत यायचा, आतून मशीनचा आवाज ऐकायचा आणि त्याला अचानक गाडी चुकीच्या जागी लावल्याचं आठवायचं. मग दीपमाला हळू, गोड आवाजात म्हणायची, "काही नाही हो, डॉक्टर फक्त बघणार आहेत." डॉक्टर फक्त बघत नसत, हे तिलाही माहीत होतं आणि त्यालाही. तरी तो आत जायचा.

अकरा वर्षांत तिनं एक गोष्ट ओळखली होती. इतके दिवस का आला नाहीत, असं विचारलं की माणसाकडं तीन कारणं असतात. पहिलं वेळेचं, दुसरं तब्येतीचं. ही दोन्ही तो घरून तयार करून आणतो. तिसरं खरं असतं आणि ते तो मरेपर्यंत सांगत नाही, आपण हुडकायचं असतं. एक हेडमास्तर दुखरी दाढ घेऊन वर्षभर फिरले होते. खुर्ची मागं झुकली की डोक्यावरचा केसांचा टोप घसरेल, एवढीच त्यांची काळजी होती. दीपमालानं मानेखाली एक छोटी उशी ठेवली. दाढ वीस मिनिटांत निघाली.

या नोकरीचा एक तोटा होता. दिवसभर हळू बोलायचं म्हणजे घशात काहीतरी साठत जातं. घरी ओरडायची सोय नव्हती. पडेगावची घरं भिंतीला भिंत लावून आहेत, आणि शेजारी कान असलेले लोक राहतात. म्हणून ती नवरात्रात कर्णपुऱ्याच्या जत्रेत जाऊन आकाशपाळण्यात बसायची आणि वर गेलं की मनसोक्त ओरडून घ्यायची. पण गेल्या वर्षी समोरच्या पाळण्यात नेमका दवाखान्यातला एक पेशंट बसलेला निघाला. "मॅडम, तुम्ही?" तो म्हणाला. तिनं अर्धी किंकाळी गिळली आणि त्याला रूट कॅनालची पुढची तारीख सांगितली.

तेव्हाच तिनं ठरवलं की आता ओरडायचं तर लांब जाऊन. खोपोलीच्या बाजूला डोंगरात एक मोठं थीम पार्क आहे, त्याच्या चित्रफिती ती फोनवर बघत होती. उलटेसुलटे रूळ, त्यावरून सुटलेला डबा आणि आत तोंड उघडून बसलेली माणसं. त्यांच्यात तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं. एकटीनं तिथं जाऊन ओरडलं असतं तर लोकांनी त्याला झटका म्हटलं असतं. घरच्यांना सोबत घेऊन ओरडलं की त्याला सहल म्हणतात. तेव्हा घरचे लागणार होते.

विषय काढला तो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, ताटात वांग्याची भाजी पडल्यावर. तोंड भरलेलं असलं की माणसाला नाही म्हणायला वेळ लागतो.

तरी तिघंही नाहीच म्हणाले.

नवरा सोमनाथ वाळूजच्या एका कारखान्यात बेअरिंग तपासायचा. चांगली एका पेटीत, खराब दुसऱ्या पेटीत, वीस वर्षं हेच. त्यानं तीन कारणं दिली नाहीत. एकच दिलं आणि तेच खरं होतं, त्यामुळं दीपमालाची पंचाईत झाली.

"त्या डब्याच्या चाकात बेअरिंगच असतंय," तो म्हणाला. "आणि ते माझ्यासारखाच कुणीतरी पास केलेलं असतंय. दुपारच्या जेवणानंतर मी काय बघतो, माझं मलाच ठाऊक. मी नाय बसणार."

तिसऱ्या दिवशी डबा भरता भरता ती म्हणाली, "अहो, तुम्ही बसूच नका. तुम्ही फक्त बघायचं. नट-बोल्ट, चाकं, जे काय असेल ते. तुम्ही पास केलं तरच आम्ही बसू." सोमनाथनं डब्याचं झाकण लावलं आणि टॉर्च कुठाय, असं विचारलं. तो आला.

मुलगी श्रेया नववीत होती. क्लास आहे, ती म्हणाली. मग म्हणाली, बोअर होतं. तिसरं कारण हुडकायला दीपमालाला फार कष्ट पडले नाहीत, कारण श्रेयाची मैत्रीण एकदा दारात उभी राहून म्हणाली होती, काकू, तुम्ही मागच्या वर्षी गेला होता ना तिकडं? कार्टीनं वर्गात सांगून ठेवलं होतं की आम्ही जाऊन आलो. नुसतं सांगितलं नव्हतं, त्या मोठ्या पाळण्यात तीन वेळा बसले, असं वर्णन करून दोन मैत्रिणींना झोपेत घाबरायला लावलं होतं. आता आईनं 'पहिल्यांदाच आलोय' म्हणून स्टेटसला फोटो टाकले की सगळं उघड्यावर. दीपमालानं तिला थाप पकडल्याचं कळू दिलं नाही. फक्त रात्रीच्या जेवणाला जाहीर केलं की या सहलीचा एकही फोटो कुणी कुठं टाकायचा नाही, कारण बाबांनी कारखान्यात आजोबांना पुण्याच्या डॉक्टरला दाखवायचंय असं सांगून रजा काढलीय. सोमनाथनं मान वर केली. त्यानं रजाच काढली नव्हती अजून. पण कारण चांगलं होतं, दुसऱ्या दिवशी त्यानं तेच लिहून दिलं.

अंबिका ही दीपमालाची कॉलेजातली मैत्रीण. गारखेड्यातल्या एका शाळेत संस्कृत शिकवायची. तिच्याशिवाय सहल ही दीपमालाच्या डोक्यात बसतच नव्हती, कारण तिच्याइतकं मोकळं हसणारं दुसरं कुणी तिच्या ओळखीत नव्हतं. अंबिकाच्या नवऱ्यानं 'तुम्ही जा' असं म्हणून आपल्या बाजूचं काम संपवलं होतं. अंबिकानं मात्र तपासायचे पेपर पुढं केले, मग पाठीचा मणका पुढं केला. दीपमाला तिच्याकडं नुसती बघत बसली. दवाखान्यातही ती असंच करायची. माणसाला गप्प बसवत नाही.

"अगं, तो दांडा असतो ना छातीवर येणारा," अंबिका शेवटी म्हणाली. "तो माझ्यावर बसला नाही तर? दोघं-तिघं येऊन दाबतील. सगळे बघतील. आणि मग म्हणतील, मॅडम, तुम्ही उतरा."

अंबिका अंगानं भरलेली होती आणि त्याबद्दल ती स्वतःच सगळ्यात जास्त विनोद करायची. हे ती विनोद न करता बोलली. दीपमालानं पार्कच्या चौकशीच्या नंबरावर फोन लावला आणि दवाखान्यातल्या आवाजात सीटचं माप विचारलं. पलीकडच्या माणसाला असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यानं कुणालातरी टेप घेऊन पाठवलं आणि अर्ध्या तासानं उलट फोन केला. माप अंबिकाला पुरून उरत होतं. तरी तिनं ते स्वतःच्या टेपनं तीनदा ताडून बघितलं, मगच हो म्हणाली.

राहिले सासरे.

कडुबा आबा जन्मभर गंगापूरकडं शेतीत राहिलेले. ऊस, कापूस आणि हिवाळ्यात गुऱ्हाळ. बायको गेल्यावर दोन वर्षांपासून ते पडेगावला मुलाकडं होते. जमीन बटाईनं दिलेली, पण दर आठवड्याला जीपनं जाऊन बटाईदाराला चार शब्द सुनावून यायचे, तेवढी त्यांची करमणूक होती. त्यांना शहरात सोडून सगळ्यांनी दोन दिवस जाणं बरं दिसलं नसतं. शिवाय दीपमालाला ते आवडायचे. ते कुणाच्या पाठीमागं बोलत नसत, जे काय असेल ते तोंडावर आणि मोठ्यानं.

"माझं काय काम हाय तिथं?" ते म्हणाले. मग म्हणाले, गुडघे धरतात.

पहिलं वेळेचं, दुसरं तब्येतीचं. दीपमाला तिसऱ्याच्या मागं लागली. आणि लागल्यावर तिच्या ध्यानात आलं की दिवाळीपासून आबा गंगापूरला गेलेलेच नाहीत. बटाईदार घरबसल्या चांगला झाला की काय? त्याआधीच्या शेवटच्या दोन खेपांना निघताना त्यांनी चहा घेतला नव्हता. चहा नाकारणारा आबा म्हणजे काहीतरी बिघडलेलं. मागच्या महिन्यात हर्सूलच्या लग्नात ते मंगलाष्टकं चालू असताना दोनदा उठले होते, आणि घरी रात्री मोरीचा दिवा चार-चार वेळा लागत होता. जीप भरलेली असते, मधे थांबत नाही, आणि थांबवा म्हणायचं तर सगळ्या जीपला कारण कळतं. सुनेला तर कधीच कळता कामा नये.

हे त्यांच्याशी बोलणं शक्य नव्हतं. तिनं सोमनाथला सांगितलं असतं तर त्यानं जाऊन तोंडावर विचारलं असतं आणि आबा खोलीतून बाहेर आले नसते. म्हणून तिनं अंबिकाला गाठलं. तुला गाडी लागते, असं म्हणायचं. दर अर्ध्या तासाला गाडी थांबवायची. का, ते विचारायचं नाही. मी तुझ्या दांड्याबद्दल कुणाला बोलणार नाही. अंबिका म्हणाली, हा सरळ सरळ धाक आहे. मग म्हणाली, बरं.

"मामा," दीपमाला संध्याकाळी आबांना म्हणाली, "तुम्ही नाही येत तेच बरं. अंबिकाला लई गाडी लागते. दर अर्ध्या तासाला उतरावं लागंल, तुम्हाला कंटाळा येईल."

आबांनी जरा विचार केल्यासारखं केलं. "दर अर्ध्या तासाला? बिचारी," ते म्हणाले. "येतो म्या. कुणीतरी मोठं माणूस पायजे संगं."

नाताळच्या सुट्टीत भाड्याची गाडी करून पाच जण निघाले. वाळूज सोडत नाही तोच अंबिकानं तोंडाला रुमाल लावला. ईसारवाडी फाटा, कायगाव टोका, नेवासा फाटा, घोडेगाव. जिथं जिथं हॉटेल दिसलं तिथं तिथं गाडी थांबली. अंबिका उतरून झाडाखाली वाकून उभी राहायची, आणि आबा, आलोच पाय मोकळे करून, असं म्हणत हॉटेलाच्या मागं जायचे. दोन ठिकाणं झाल्यावर त्यांनी चहा घ्यायला सुरुवात केली. अहिल्यानगरला त्यांनी तीन कप घेतले आणि गुऱ्हाळातल्या काहिलीत पडलेल्या कुत्र्याची गोष्ट सांगितली, जी घरात दोन वर्षांत कुणी ऐकली नव्हती.

अंबिकाचे मात्र हाल झाले. तिला भूक लागली होती आणि तिच्यासमोर सगळे मिसळ खात होते. आजारी माणसानं मिसळ खाऊन कसं चालेल? आबांनी तिच्यासाठी लिंबू कापून आणलं, मग आल्याचा तुकडा, मग सुप्याला एका बाईकडून ओव्याची पुडी. शिरूरच्या पुढं तिनं दीपमालाच्या मांडीला असा चिमटा काढला की त्याचा वळ तीन दिवस राहिला. रात्री पिंपरीला सोमनाथच्या चुलत भावाकडं मुक्काम होता. तिथं ती मोरीच्या दारामागं उभी राहून चार पोळ्या खाताना दीपमालाला दिसली.

सकाळी साडेदहाला ते पार्कात शिरले. दीपमालानं फोनवर नकाशा उतरवून घेतला होता, कशानंतर काय, सगळं लिहून. ते तासाभरात बाराच्या भावात गेलं. श्रेया पुढं पळत होती, कारण आपण काय काय थापा मारल्यात ते तिला प्रत्यक्ष तपासायचं होतं. सोमनाथ मोठ्या पाळण्याच्या, म्हणजे त्या उलट्यासुलट्या रुळांच्या, खांबांशी टॉर्च घेऊन उकिडवा बसला. भर उन्हात टॉर्च घेऊन बसलेला माणूस बघून दोन रखवालदार आले. त्यानं त्यांना नटापासून बोल्टापर्यंत ओढलेली पिवळी रेघ दाखवली. नट जरा जरी सैल झाला तरी रेघ तुटते, त्यानं समजावलं. मग त्यानं शंभरेक रेघा बघितल्या. एकही तुटलेली नव्हती. तो उठला तेव्हा त्याचा चेहरा देवदर्शन झाल्यासारखा होता.

"पास," तो म्हणाला. पण स्वतः बसला नाही. तपासणाऱ्यानं माल वापरायचा नसतो, म्हणाला.

रांगेत दीपमाला, अंबिका आणि श्रेया उभ्या राहिल्या. आबांना बसायचं नव्हतं, पण ते रांगेतून फलाटापर्यंत आले. गंगापूरच्या स्टँडवर पाहुण्यांना एसटीत बसवून द्यायची त्यांची रीत होती, ती त्यांनी इथंही पाळली. डबा आला. अंबिका बसली. तिनं डोळे मिटले आणि श्वास आत ओढला. विशाखा असा बिल्ला लावलेली ऑपरेटर बाई एकेकाचा दांडा खाली ओढत पुढं येत होती.

तेवढ्यात आबांनी कठड्यावरून तिला हाक मारली.

"ताई, त्या बाईला नका बसवू. तिला कालपासून वकाऱ्या हायेत. दहादा गाडी थांबवली आमी."

विशाखा थांबली. तिनं अंबिकाला विचारलं, उलट्या होतायत का. अंबिका नाही म्हणाली. आबा म्हणाले, लाजती ती, काल वाटंत नुसत्या लिंबावर व्हती. विशाखानं नियम सांगितला की तब्येत ठीक नसलेल्या माणसाला बसवता येत नाही. मग ती अगदी नम्रपणे म्हणाली, "मॅडम, तुम्ही उतरा."

अंबिकानं डोळे उघडले आणि दीपमालाकडं बघितलं. मागं रांगेत पन्नास-साठ माणसं होती आणि ती सगळी बघत होती. दीपमालानं तोंड उघडलं. खरं सांगावं तर सासऱ्याची अब्रू फलाटावर जाते. गप्प बसावं तर अंबिका उतरते, आणि पुन्हा ती जन्मात असल्या कशात बसणार नाही. अकरा वर्षं कुणालाही काहीही पटवणाऱ्या बाईला एक शब्द सापडला नाही.

आबांनी सुनेचं तोंड बघितलं. अंबिकाचं बघितलं. मग त्यांनी कठडा घट्ट धरला. काल कुठं कुठं गाडी थांबली, झाडाखाली वाकलेली बाई खरंच ओकली का, आणि आपण प्रत्येक ठिकाणी कुठं गेलो, हे सगळं त्यांच्या डोक्यात लागत गेलं असावं. त्यांचे कान लाल झाले.

"ताई," ते म्हणाले. आवाज बटाईदाराला हाक मारायचा होता, शेवटच्या माणसाला ऐकू गेला. "तिला काय नाय. ती धडधाकट हाय. गाडी माझ्यासाठी थांबत व्हती. मला लघवीला लई येळा जावं लागतं. पोरींनी माझी लाज झाकली."

विशाखानं मान डोलावली. "उजव्या हाताला आहे, आबा," ती म्हणाली, आणि अंबिकाचा दांडा खाली ओढला. टक् झालं. एकदाच, आणि एकटीच्या जोरानं.

डबा निघाला. वर चढेपर्यंत दीपमाला दांडा धरून बसली होती, पण पहिल्या उतारावर घशात साठलेलं सगळं बाहेर पडलं. ती ओरडली. अकरा वर्षांतले सगळे 'काही नाही हो' आणि 'फक्त दोन मिनिटं' एका दमात, शब्दांशिवाय. खाली सोमनाथला तो आवाज बायकोचा आहे हे कळलं नाही. त्यानं चाकांकडं बघितलं. अंबिका शेजारी आधी ओरडली, मग हसायला लागली, आणि उलट्या वळणावर डोकं खाली असतानाही तिचं हसणं थांबलं नव्हतं. उतरल्या तशा त्या पुन्हा रांगेत गेल्या. चार वेळा बसल्या.

आबा मधे दीड तास कुणाला दिसले नाहीत. ते सापडले घोड्यांच्या चक्रीपाशी. तिथल्या मेकॅनिकला ते गुऱ्हाळाच्या चरकाचं दातेरी चाक कसं वाजायला लागतं ते सांगत होते आणि तो माणूस खरोखर लक्ष देऊन ऐकत होता. श्रेयानं त्यांना पांढऱ्या घोड्यावर बसवलं. टोपी, धोतर, हातात लगाम. तिनं फोटो काढला आणि कुणाला न विचारता तिथंच स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, 'पहिल्यांदाच आलोय. मागच्या वर्षीचं खोटं होतं.' दीपमालानं ते वाचलं. मुलीकडं बघितलं. श्रेया म्हणाली, आबा एवढ्या लोकांत बोलले.

परतीच्या गाडीत सगळ्यांनीच तोंड मोकळं केलं. अंबिकानं दांड्याचं सांगितलं आणि चाकणला दोन मिसळ खाल्ल्या. सोमनाथ म्हणाला, मी तर पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतो, तर माझं कुणी ऐकलं नाही. शिवाय आता त्या फोटोपायी मला कारखान्यात जाब द्यावा लागणार. आबांना लागली की ते पुढं वाकून ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावायचे आणि गाडी थांबायची, बस. दीपमाला काही बोलली नाही, कारण तिचा आवाज पूर्ण गेला होता. पुढचे चार दिवस तिनं दवाखान्यात पाटीवर लिहून काम चालवलं. त्या चार दिवसांत एकही पेशंट दारातून परत गेला नाही. डॉक्टरबाईंना याचं फार आश्चर्य वाटलं. दीपमालाला थोडा रागच आला.

फोटो फिरत फिरत कारखान्यात पोचला आणि साहेबांनी सोमनाथला विचारलं, वडील डॉक्टरकडं गेले होते की घोड्यावर? त्यांना द्यायला उत्तर हवं म्हणून त्यानं त्याच आठवड्यात आबांना खरंच डॉक्टरकडं नेलं. आबा कुरकुर न करता गेले. आता लपवायचं काय उरलं होतं? प्रोस्टेटची गाठ निघाली, साधी होती. जानेवारीत ऑपरेशन झालं. वॉर्डातल्या सात म्हाताऱ्यांना त्यांनी दोन दिवसांत बोलतं केलं, त्यातल्या दोघांनी तर बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी आबा गंगापूरला निघाले, आठवडाभर राहायला. कापूस किती निघाला यावर बटाईदाराचं म्हणणं त्यांना पटलेलं नव्हतं. दीपमाला त्यांना सोडायला नाक्यावर गेली. जीप भरायची होती, म्हणून दोघांनी टपरीवर चहा घेतला.

"दीपा," आबा म्हणाले, "पुढच्या टायमाला जे काय करायचं ते मला इचारून कर."

"विचारलं असतं तर तुम्ही आला असता का, मामा?"

आबांनी बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या.

"नसतो आलो," ते म्हणाले, आणि ड्रायव्हरशेजारची जागा धरायला जीपकडं गेले.